टॉरन्सची सर्जनशीलता चाचणी : पुस्तिका एक, गुण खोलीगणिक वेगळे

सर्जनशीलता मोजायची म्हटलं की मानसशास्त्राच्या विभागात पहिलं नाव निघतं ते टॉरन्स चाचणीचं. मी पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घेते आणि आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात या चाचणीच्या पुस्तिका कायम असतात. निकाल आधीच सांगून टाकते : साधन चांगलं आहे, इतकी वर्षं टिकलंय ते उगीच नाही. पण त्यातून निघणारा आकडा मुलाच्या डोक्याबद्दल जेवढं सांगतो, जवळपास तेवढंच ती पुस्तिका कुठल्या खोलीत, कुणी, काय बोलून हातात दिली याबद्दलही सांगतो. आणि हा दुसरा भाग निकालपत्रावर उमटत नाही. माझी तक्रार म्हणाल तर एवढीच, पण ती लहान नाही.

आधी वस्तूची ओळख. एलिस पॉल टॉरन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही चाचणी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे दोन भाग आहेत, शाब्दिक आणि चित्रात्मक, आणि दोन्हींच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा समांतर आवृत्त्या. शाब्दिक भागाला ४५ मिनिटं लागतात, चित्रात्मक भागाला ३०. शाब्दिक भागात एक चित्र दाखवून प्रश्न विचारायला लावतात, घटनेची कारणं आणि परिणाम सुचवायला सांगतात, एखादं खेळणं अधिक मजेदार कसं करता येईल ते विचारतात, साध्यासुध्या वस्तूचे भलतेच उपयोग शोधायला लावतात. मी बहुतेक वेळा चित्रात्मक भाग काढते. त्यात भाषा फारशी आडवी येत नाही. ज्याला वाक्य जुळवायला वेळ लागतो, पण कल्पना भराभर सुचतात, अशा मुलावर शाब्दिक भागात अन्याय होतो.

चित्रात्मक भागात तीन कृती, प्रत्येकीला १० मिनिटं. पहिल्या कृतीत एक ठरावीक आकार छापलेला असतो, त्याच्याभोवती चित्र रचायचं आणि त्याला नाव द्यायचं. दुसऱ्या कृतीत १० अर्धवट रेषाकृती असतात, त्या पुऱ्या करायच्या. तिसऱ्या कृतीत ‘अ’ आवृत्तीत समांतर रेषांच्या जोड्या मिळतात आणि ‘ब’ आवृत्तीत पानभर वर्तुळं, त्यांतून जमतील तितकी चित्रं काढायची. गुण पाच गोष्टींना : किती कल्पना आल्या, त्या किती विरळा आहेत (म्हणजेच मौलिकता), चित्रात किती बारकावे भरले, शीर्षक किती अमूर्त आहे, आणि अर्धवट आकृती दिसल्या दिसल्या सरळ रेषेने बंद करून टाकण्याचा मोह आवरला का. हा पाचवा निकष माझा लाडका. घाईत असलेला माणूस उघडी रेषा बघितली की ती जोडून मोकळा होतो. ज्याला वेळ आहे, निदान वेळ आहे असं वाटतंय, तो ती उघडीच ठेवून काय करता येईल ते बघतो.

वर्तुळांचं पान जवळून बघण्यासारखं असतं. पहिल्या ओळीत जवळजवळ सगळ्यांच्या पुस्तिकेत तेच : सूर्य, चेंडू, हसरा चेहरा, घड्याळ, बटण, चाक. मग एक जागा येते जिथे पेन्सिल थांबते. मूल वर बघतं, खिडकीकडे बघतं, शेजाऱ्याच्या पानाकडे बघण्याचा मोह टाळतं किंवा टाळत नाही. सोप्या कल्पना संपलेल्या असतात. यानंतर जे येतं त्यासाठीच खरं तर ही कृती आहे. एका विद्यार्थिनीने या टप्प्यावर दोन ओळींतली वर्तुळं जोडून एक लांबलचक सुरवंट काढला आणि त्याच्या प्रत्येक पायात वेगळं पादत्राण घातलं. (दोन किंवा अधिक आकृत्या एकत्र करून एकच चित्र काढणाऱ्याला मौलिकतेचे जादा गुण मिळतात. मुलांना हे आधी सांगायचं नसतं, त्यामुळे ज्याला सुचलं त्याला आपसूक सुचलेलं असतं.) तिच्याच बाकावरच्या मुलाने सगळी वर्तुळं चेहऱ्यांनी भरली : रडका, चिडका, झोपाळू, दाढीवाला. संख्या भरपूर, पण सगळ्या एकाच जातीच्या. गंमत अशी की पेन्सिल थांबली त्या क्षणी खोलीत काय चाललंय, यावर पुढची ओळ ठरते. तेवढ्यात पर्यवेक्षकाने ‘शेवटची दोन मिनिटं’ असं पुकारलं, की सुरवंटाऐवजी पुन्हा चेंडू, बांगडी, नाणं यांची रांग लागते. कल्पनांची संख्या वाढते, मौलिकता तिथेच राहते.

हे माझ्याच वर्गाचं नवल नाही. क्रिस्टेन्सन, गिल्फर्ड आणि विल्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की असल्या कामात वेळ जाईल तशी उत्तरं कमी कमी येतात, पण जी येतात ती जास्त आगळी असतात. रॉजर बीटी आणि पॉल सिल्व्हिया यांनी २०१२ मध्ये हाच परिणाम पुन्हा तपासला आणि त्यात एक बारीक गोष्ट सापडली. तर्कबुद्धी वरच्या पट्टीची असलेल्यांमध्ये ही चढण कमी होती, कारण ते सुरुवातीपासूनच बऱ्या कल्पना देत होते. याचा अर्थ वेळ कापला की तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. हळू तापणाऱ्या मुलाचा सगळ्यात चांगला भागच घंटेपलीकडे राहून जातो. दहा मिनिटांची मर्यादा कुणालाच आखूड वाटत नाही, असं गृहीत धरणं म्हणूनच मला पटत नाही.

आणि इथेच या साधनातली मोठी विसंगती आहे. वातावरण खेळीमेळीचं ठेवा, परीक्षेचा धाक वाटू देऊ नका, असं खुद्द टॉरन्स यांचं सांगणं. पण हातात स्टॉपवॉच दिलेलं. खेळ म्हणायचं आणि दहाव्या मिनिटाला ‘पेन्सिली खाली’ म्हणायचं, हे महाविद्यालयातल्या मुलांना चटकन कळतं. त्यांनी आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या असतात. पुस्तिका वाटायला लागले की प्रश्न सुरू होतात. ‘मॅडम, पेनने काढलं तर चालेल?’ ‘चित्र चांगलं नाही आलं तर मार्क जातील का?’ ‘एका प्रश्नाला कमीत कमी किती उत्तरं?’ हा शेवटचा प्रश्न ऐकला की मी समजते, आज मौलिकतेचा दुष्काळ. ज्याला ‘कमीत कमी किती’ हवंय त्याने मनात हिशेब मांडलेला असतो.

टॉरन्स यांच्या समकालीनांनी हा वाद तेव्हाच उकरून काढला होता. मायकेल वॉलक आणि नेथन कोगन यांनी १९६५ मध्ये पाचवीतल्या १५१ मुलांना एकेकटं बसवून, वेळेचं बंधन न ठेवता, खेळासारखी कामं दिली. तेव्हा सर्जनशीलतेचे गुण बुद्धिमत्तेच्या गुणांपासून बऱ्यापैकी वेगळे निघाले. त्याआधीच्या अभ्यासांत हे दोन्ही एकमेकांत गुंतून येत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : परीक्षेसारखं घ्याल तर परीक्षेत हुशार असणारंच मूल वर येईल. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. जॉन हॅटी यांनी १९७७ मध्ये या प्रश्नावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, १९८० मध्ये स्वतः शाळकरी मुलांवर तुलना केली आणि त्यांचा कौल नेहमीच्या परीक्षेसारख्या पद्धतीकडेच झुकला. म्हणजे ‘खेळ केला की झालं’ इतकं ते सोपं नाही. मला विचाराल तर महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत खरा फरक पडतो तो वेळेपेक्षाही ‘कोण बघणार आहे’ यामुळे.

याचा सगळ्यात नेटका पुरावा टेरेसा अमाबिले यांच्या १९७९ च्या प्रयोगात आहे. महाविद्यालयीन तरुणींना कागदाचे तुकडे चिकटवून कोलाज करायला दिलं. काहींना सांगितलं की तुमचं काम कलाकार तपासणार आहेत, काहींना तसलं काहीच सांगितलं नाही. तपासणीची कल्पना असलेल्यांची कोलाजं परीक्षकांना कमी सर्जनशील वाटली. अपवाद एकच गट. त्यांना नेमकं काय केलं की सर्जनशील ठरेल ते आधीच फोडून सांगितलं होतं. त्यांचे गुण चढले, पण पाककृती हातात दिल्यावर त्यांत सर्जनशीलता कितपत उरली, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे वाचल्यापासून मी पुस्तिकेवरचं नाव आणि हजेरी क्रमांक काढून टाकायला सांगते. मुलं स्वतःच एखादं चिन्ह काढतात आणि नंतर त्यावरून आपली पुस्तिका ओळखतात. अंतर्गत गुणांशी याचा संबंध नाही, हे वाटपाच्या आधीच, एकदाच आणि स्पष्ट सांगते. पुन्हा पुन्हा सांगितलं तर संशय येतो. या दोन गोष्टींनी पानांवर जो मोकळेपणा येतो तो डोळ्यांना दिसतो : खाडाखोड वाढते, शीर्षकं वात्रट होतात, कुणीतरी मलाच वर्तुळात बसवतं. एका सहकाऱ्यांचा याला आक्षेप होता. ‘गुण नाहीत म्हटलं की मुलं टंगळमंगळ करतात,’ असं ते म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. क्रिस्टिन बायरन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ताणावरच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात मूल्यमापनाचा हलका ताण सर्जनशीलतेला फायद्याचा ठरला, जास्त ताण मारक. तेव्हा अगदी बेफिकिरी नको, पण धाकही नको. ही मधली जागा प्रत्येक वर्गात वेगळ्या ठिकाणी असते आणि ती शोधायचं काम पुस्तिका करत नाही, वर्गासमोर उभ्या असलेल्या माणसालाच करावं लागतं.

बक्षिसाचंही असंच. ‘सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला बक्षीस’ अशी टूम प्रात्यक्षिकात कुणीतरी काढतंच. तेव्हा मी सॅम ग्लक्सबर्ग यांचा १९६२ चा प्रयोग सांगते. मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली खोकी आणि काड्या एवढंच सामान. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडू नये. खोकं रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि त्याचा फळीसारखा उपयोग करायचा, हे उत्तर. ही कार्ल डंकर यांची जुनी समस्या. ग्लक्सबर्गनी काहींना लवकर सोडवल्यास पैसे कबूल केले. पैशांची आशा असलेल्यांना सरासरी साडेतीनेक मिनिटं जास्त लागली! टाचण्या खोक्याबाहेर ठेवल्या, म्हणजे उत्तर समोरच दिसू लागलं, तेव्हा मात्र बक्षीसवाले पुढे गेले. वर्गात हे सांगितलं की बक्षिसाची सूचना आपोआप मागे घेतली जाते.

एक वाक्याची सूचनाही निकाल फिरवते. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांना सरळ ‘सर्जनशील व्हा’ असं सांगून बघितलं. उत्तरांचा दर्जा वाढला, आणि अशा सूचनेने उत्तरांची संख्या सहसा घटते. ‘जास्तीत जास्त लिहा’ म्हटलं की उलटं होतं. टॉरन्सच्या सूचनांत दोन्ही आहेत : कुणालाच सुचणार नाही असं काही काढा, आणि जमेल तितकी काढा. वाचून दाखवणारा कोणत्या शब्दावर आवाज चढवतो, यावर वर्गाची गाडी कुठल्या रुळावर जाईल ते ठरतं. म्हणून मी सूचना आता छापील वाचते, सपाट आवाजात, आणि दोन तुकड्यांना एकाच व्यक्तीने सूचना द्याव्यात असा आग्रह धरते.

मूड, आवाज, चालणं याबद्दल प्रसिद्ध झालेले प्रयोग मुलांना फार आवडतात. थोडक्यात सांगते. ॲलिस आयसेन यांच्या १९८७ च्या अभ्यासात विनोदी फीत पाहिलेल्यांपैकी सुमारे चारांतल्या तिघांनी मेणबत्ती सोडवली, तटस्थ फीत पाहिलेल्यांपैकी पाचांतल्या एकानेच. रवी मेहता आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात ७० डेसिबलचा मध्यम गलका ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा बरा ठरला, ८५ वर मात्र सगळं बिघडलं. मरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगात वस्तूंचे वेगळे उपयोग शोधताना चालणाऱ्या ८१ टक्के विद्यार्थ्यांची कामगिरी बसून केलेल्यापेक्षा सुधारली, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. पण तीन शब्दांना जोडणारा एकच नेमका शब्द शोधायच्या कामात चालण्याने काही साधलं नाही, उलट किंचित नुकसानच झालं. यातून ‘मुलांना चालत चालत पुस्तिका सोडवू द्या’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. चालत वर्तुळात सुरवंट काढून बघा म्हणजे कळेल. मी एवढंच करते की आधीच्या तासाला लेखी चाचणी असेल तर त्या दिवशी पुस्तिका काढत नाही.

गुणांकन हा या साधनाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. प्रत्येक चित्र यादीशी ताडायचं, किती जणांनी तेच काढलंय ते बघायचं, बारकावे मोजायचे. प्रशिक्षण घेतल्याशिवाय हे करू नये. दोन तपासनीस एकाच सुरवंटाच्या पादत्राणांवरून भांडलेले मी बघितले आहेत : सगळी पादत्राणं मिळून एक बारकावा, की प्रत्येकाचा वेगळा? आणि इथेच वेळेचा मुद्दा पुन्हा डोकं वर काढतो. जो जास्त चित्रं काढतो त्याला विरळा चित्र सापडण्याची संधीही जास्त मिळते. त्यामुळे मौलिकतेचा गुण संख्येच्या गुणाला चिकटून चालतो. भरभर काढणारा दोन्हीकडे वर, जपून काढणारा दोन्हीकडे खाली. संशोधनात यावर उतारा म्हणून फक्त विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली दोन सर्वोत्तम उत्तरं तपासण्याची पद्धत पॉल सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवली. मी ती वस्तूंच्या उपयोगांच्या कामात वापरते आणि घड्याळाची दहशत त्यामुळे बरीच ओसरते. चांगली दोनच हवीत म्हटल्यावर पान भरायची धडपड थांबते.

स्पर्धक म्हणून हल्ली विद्यार्थी फोनवर एक दुसरीच चाचणी दाखवतात. जय ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेली, एकमेकांशी शक्य तितका संबंध नसलेली १० नामं लिहायची चाचणी. दोनेक मिनिटांत उरकते. संगणक त्यातल्या ७ वैध शब्दांमधलं अर्थाचं अंतर मोजून तिथल्या तिथे गुण देतो. तपासनीस नको, भांडण नको. पण परिस्थितीच्या बाबतीत ती टॉरन्सपेक्षाही नाजूक आहे. आकडा लगेच दिसतो, तो शेजाऱ्याला दाखवला जातो, शेजाऱ्याचा जास्त निघाला की लगेच दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत मूल शब्द सुचवत नाही, यंत्र कशाला भुलतं ते शोधत असतं. पहिली फेरी, फोन पालथा ठेवून, आकडा नंतर सांगणार या अटीवर घेतली तर उपयोगी. एरवी ती करमणूक आहे, चांगली करमणूक आहे.

तर टॉरन्स कुणी घ्यावी? संशोधनासाठी दोन गटांची तुलना करायची असेल आणि दोन्ही गटांना तीच खोली, तीच वेळ, तोच सूचना देणारा मिळणार असेल, तर डोळे झाकून घ्या. प्रात्यक्षिकासाठीही उत्तम, कारण परिस्थिती बदलल्यावर काय होतं ते मुलांना स्वतःच्याच पानावर दिसतं. ‘अ’ एका परिस्थितीत आणि ‘ब’ दुसऱ्या परिस्थितीत घ्या, अर्ध्या वर्गाला क्रम उलटा द्या. प्रवेशासाठी मुलं निवडायला किंवा कुणाला ‘सर्जनशील’ म्हणून वेगळं काढायला मात्र मी हिचा एकटा आकडा वापरणार नाही, आणि मागच्या वर्षीच्या तुकडीशी या वर्षीच्या तुकडीची तुलना तर मुळीच करणार नाही, जोवर त्या दिवशीचा तास कितवा होता, पुस्तिका कुणी वाटल्या आणि ‘शेवटची दोन मिनिटं’ पुकारली होती का, हे त्या गठ्ठ्यावर लिहिलेलं नाही. मी पाच ताऱ्यांपैकी दोन राखून ठेवते : एक गुणांकनाच्या कटकटीसाठी, दुसरा त्या स्टॉपवॉचसाठी. पुस्तिका मागवताना दोन्ही आवृत्त्या मागवा, आणि पेन्सिली वर्गापेक्षा थोड्या जास्त ठेवा, कारण टोक मोडलेलं मूल उठून टोकयंत्र शोधायला गेलं की त्याची चार मिनिटं तिथेच जातात.